मशिनीवरची चप्पल

माझ्या उजव्या पायाला तीनच बोटं आहेत. हे आधीच सांगून टाकते. नाही तर तुम्ही वाचत जाल आणि शेवटी कुणीतरी मोठा डॉक्टर येऊन पाय जसाच्या तसा वाचवतो म्हणून वाट बघत बसाल. तसं काही झालं नाही.

दवाखान्यात चप्पल न्यायला आलेल्या बायका मला बाजूला घेऊन विचारतात, "ताई, खरं सांगा, ह्या चपलंनं काई फरक पडतो का? का उगंच वझं?" खरं सांगायला बसलं तर लांबतं, आणि तोवर त्यांच्या एस्टीची वेळ होते. म्हणून लिहून ठेवते. मी सातवीपर्यंत शिकलेली. शुद्धलेखनाचं तुमचं तुम्ही बघून घ्या.

निखारा

माझं सासर वालूरचं. माहेर चुडाव्याचं. चुडाव्याला स्टेशनच्या रस्त्यावर माझे वडील शिवणकाम करायचे, त्यांच्याच हाताखाली मी शिकले. लग्नात त्यांनी मला भांडीकुंडी बेताचीच दिली, पण मशीन दिली. पायाची, लोखंडी पायडलाची. देताना एकच सांगितलं, "पोरी, मशिनीवर चप्पल घालून बसायचं न्हाई. लक्ष्मी म्हण, नको म्हणू, पर ती पोटाला देती." आम्ही बौद्ध. घरात देव नाही, देव्हारा नाही. पण मशिनीला चुकून लाथ लागली की हात लावून कपाळाला लावायची खोड काही गेली नाही. अनवाणी बसण्यात दुसरंही एक होतं. उघड्या तळव्याला पायडलाचा वेग कळतो. टाका कुठं सावकाश घ्यायचा, चाक कुठं थांबवायचं, हे सगळं तळव्यालाच कळायचं.

वालूरला ओसरीत मशीन मांडली. झंपर, परकर, पोरांचे शाळेचे सदरे. लग्नसराईत तर मान वर करायला फुरसत नसायची. बाजूला कोळशाची इस्त्री पेटवून ठेवलेली असायची.

एक दिवस शेजारची गंगूबाई झंपर न्यायला आली. मी काज करत होते. ती एकदम किंचाळली, "अगं बाई बाई बाई! पाय जळायलाय की तुहा!"

खाली बघितलं तर इस्त्रीतला निखारा माझ्या पायावर पडलेला. कातडी जळाल्याचा वास येत होता आणि मी मघापासून म्हणत होते, कुणाच्या चुलीवर काय करपलं. निखारा झटकला आणि हसले. खरंच हसले. म्हटलं, बघा, मला काहीसुद्धा झालं नाही. मोठा पराक्रम केल्यासारखं गंगूबाईला सांगत बसले.

माझी सासू दारात उभी होती. तिला मी मामी म्हणायचे. ती हसली नाही. ती माझ्या पायाकडं बघत होती.

डोळे मिटून

सेलूच्या दवाखान्यात एक तपासनीस होते. उन्हानं रापलेले, सायकलवर गावोगाव फिरणारे. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले. म्हणाले, "मी पेनाचं टोक लावतो. जिथं लावलं तिथं बोट ठेवायचं."

मी लबाडी केली. का केली, आज विचाराल तर सांगता येत नाही. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक जवळ आली की ओळखायचं, आता लावलं, आणि अंदाजानं बोट ठेवायचं. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा मी घोट्यावर बोट ठेवलं आणि डोळे उघडले, तर पेन त्यांच्या खिशाला होतं. त्यांनी लावलंच नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "मला फसवून काय मिळणार तुम्हाला?"

पाठीवर दोन चट्टे होते, मला ठाऊक नसलेले. कोपराजवळची नस दोरीएवढी जाड झालेली. त्यांनी कुष्ठरोग म्हटलं. सोबत आलेले आमचे मालक म्हणाले, "म्हंजे महारोग?" तपासनिसांनी मान हलवली आणि लगेच, गोळ्यांनी बरा होतो, कुणाला लागायचा नाही, घाबरू नका, असं पुष्कळ बोलले. मला 'महारोग' ह्याच्या पुढचं काही ऐकू आलं नाही.

मालक सेलूच्या कापसाच्या जिनिंगात कामाला होते. स्वभावानं वाईट नाहीत. पण त्या दिवशी स्टँडपर्यंत ते वीस पावलं पुढं चालले आणि गाडीत दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. माझ्या शेजारची जागा वालूरपर्यंत रिकामी होती. उभे राहणारे होते, तरी रिकामी होती. ह्यांनी तोंड फिरवल्यावर बाकीच्यांना सांगावं लागतं का?

ताट

मामीनं दुसऱ्या दिवशी माझं ताट वेगळं केलं. लपवून नाही, समोर सांगून. "हे तुहं. हे पानी पेयाचं गिलास तुहं. राग धरू नको, मला लेकरं हायत घरात." तिच्या मोठ्या मुलाची लेकरं आमच्यातच होती. मला मूल नव्हतं.

थोरली नणंद आली आणि दोन दिवस एकच जप केला, "तिला चुडाव्याला धाडा. आपली लेकरं-बाळं सुखरूप ऱ्हाऊ द्या." मी आत भाकरी थापत ऐकत होते. मालक काहीच बोलत नव्हते, ते मला जास्त लागलं.

मामीच शेवटी म्हणाली, "धाडायची तर मशीन बी धाडावी लागंल. ती तिच्या बापाची. मशीन चालायलीय तंवर ऱ्हाऊ द्या."

ह्यात माया नव्हती. मला तेव्हाही कळलं. पण आधार होता. पाय चालतोय, पायडल चालतंय, तोवर ह्या घरात माझी जागा. पाय गेला की चुडावा. आणि चुडाव्याला वडील थकलेले, भावजयीचं घर. तिथं जाऊन कोपऱ्यात पडण्यापेक्षा मी विहीर जवळ केली असती. खोटं कशाला सांगू, दोनदा तो विचार केला.

चप्पल

गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या. चट्टे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, रोग गेला. मी विचारलं, मग पायाला कळायला कधी लागेल? ते म्हणाले, ते आता येणार नाही. मेलेली नस परत येत नाही. हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. मी इतकी वर्षं वाट बघत होते.

तेव्हा दवाखान्यातून ती चप्पल मिळाली. खाली टायरचा कडक तळ, वर काळ्या रबराची मऊ गादी, पुढं आडवे पट्टे आणि मागं टाचेला बक्कल. खिळा एकही नाही, सगळी चिकटवलेली नि शिवलेली, कारण खिळा वर आला तर आपल्याला कळायचं नाही. सांगणाऱ्यानं सांगितलं ते असं: चालताना सगळा भार एकाच जागेवर पडला की चांगल्या माणसाला दुखतं, तो आपोआप पाय वाकडा टाकतो, थांबतो, बसतो. तुम्ही थांबत नाही. भार तिथंच पडत राहतो आणि आतून मांस सडतं. गादी तो भार सगळ्या तळव्यावर वाटून देते. हे मला पटलं. शिवणारी बाई आहे मी, एकाच जागी ताण आला की कापड कुठं उसवतं ते मला माहीत.

पण लाज! ती चप्पल आमच्याकडं सगळ्यांना ओळखू येते. बाजारात एक बाई पायाकडं बघते आणि मग दुसरीला कोपरानं ढोसते. महिनाभर मी ती पिशवीत घालून गावाबाहेर न्यायची आणि वेशीबाहेर घालायची, येताना परत पिशवीत. दवाखान्यात मात्र घालून मिरवायची. चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली तेव्हा अक्कल आली. नंतर ठरवलं, बघणारे बघू देत. घरात, दारात, पाणी भरताना, परसाकडं जाताना, सगळीकडं घातली. मामी म्हणायची, "चुलीपाशी सुदिक चप्पल? काय जनम म्हनावा!" मी ऐकून घ्यायची.

जखम भरली. दोन महिन्यांत त्याच जागी परत झाली. पायाला प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे एका जागी बसले, भरली. परत झाली. तेच ठिकाण.

"चपलंनंच होतंय हे," मालक म्हणाले. "सरकारी माल. पाय खातीय ती."

मलाही तसंच वाटायला लागलं. इतकी लाज सोडली, इतकी बोलणी खाल्ली, ती कशासाठी? एकदा रागाच्या भरात ती परसात भिरकावली. मग स्वतःच जाऊन उचलून आणली, कारण अनवाणी जायची भीती वाटत होती. दवाखान्यातले लोक विचारायचे, "चप्पल घालता का?" मी म्हणायची, घालते. ते माझ्याकडं असे बघायचे की ही खोटं बोलतेय. पेनाच्या वेळी मी खोटं वागले होते ना, आता कोण विश्वास ठेवणार?

निळं कापड

ती वर्षं नामांतराची. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या, म्हणून मोर्चे निघायचे. आमच्या वस्तीतून माणसं परभणीला जायची, पुढं औरंगाबादला जायची. माझ्या पायात चालायची ताकद नाही. म्हणून वस्तीतल्या मंडळींनी निळ्या कापडाचे तागे माझ्या ओसरीत आणून टाकले आणि म्हणाले, "वहिनी, तुमी झेंडे शिवा. तुमचं चालनं त्येच समजू."

सांगू का, रोग झाल्यापासून कुणी माझ्याकडं असं काम घेऊन आलं नव्हतं. ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्यासुद्धा कापड दारातूनच द्यायच्या. मी चार दिवस पायडलावरून उतरले नाही. झेंडा सरळ असतो, कड दुमडायची आणि पळवायची, लांबच लांब. चाक थांबायचंच नाही. मामी ताट आणून बाजूला ठेवायची, ते गार व्हायचं.

मोर्चा गेला. ओसरीतून मी बघितला. पाचव्या दिवशी ताप भरला, जांघेत गाठ आली आणि पायाची पट्टी सोडली तर घाण वासानं मामीनं पदर नाकाला लावला. जखमेत हाडाचं पांढरं दिसत होतं.

पायांचे टब

मोठ्या दवाखान्यात रेल्वेनं नेलं. कुष्ठरोग्यांचाच होता तो. तिथं मी तीन महिने राहिले.

सकाळी उठलं की आम्ही सगळ्या बायका रांगेत बसायचो आणि पाय पाण्याच्या टबात. अर्धा तास. मग खरबरीत दगडानं घट्टे घासायचे, मग तेल. मग एकमेकींचे तळवे बघायचे. पहिल्या दिवशी मला ओकारी आली. महिन्यानं मी सगळ्यांत जास्त बडबड करणारी झाले होते. हसायचोही. तिथं कुणी कुणाच्या ताटाकडं बघत नव्हतं. चहा देणारी सिस्टर कप हातात देताना बोटं आखडून घ्यायची नाही. एवढ्याशा गोष्टीनं रडू यायचं मला, आता हसू येतं.

भीती मात्र होती. समोरच्या खाटेवरच्या बाईचा पाय गुडघ्याखाली काढलेला. ती सकाळी उठल्यावर नसलेल्या पायाकडं हात न्यायची. ते बघून माझी झोप उडायची. मला एकच दिसायचं, रिकामं पायडल आणि पुढं चुडाव्याची गाडी.

चपला करणारा कारागीर तिथं होता, इस्माईलभाई. तोही आमच्यातलाच जुना रोगी, बोटं आत वळलेली. तरी हातोडी धरायचा. डॉक्टरांनी मला नवी चप्पल मापायला त्याच्याकडं पाठवलं. मी जुनी चप्पल त्याच्यापुढं टाकली आणि भडभड बोलून घेतलं. म्हटलं, काय उपयोग ह्याचा? लाज बी गेली आणि पाय बी चालला.

त्यानं चप्पल उचलली. उजेडाला धरली. गादीवर पायाचा ठसा उमटतो, काळा, जिथं भार जास्त तिथं जास्त दबलेला. वळलेल्या बोटानं तो ठसा चाचपत राहिला. मग माझा पाय बघितला, मग परत चप्पल.

"चप्पल में खोट नहीं बाई," तो म्हणाला. "देखो. जखम की जगा रबर दबाच नहीं. इत्ता अच्छा भार बटा है. ये चप्पल तो तुम्हारे को बचा रई थी."

"मंग जखम काय आभाळातून पडली?"

"वोईच पूछ रा मैं. ये पाँव चप्पल छोड के और किधर जाता?"

"कुठंच न्हाई. म्या कवाच काढत न्हाई."

"चूल्हे के पास?"

"घालते."

"नहाते वक्त?"

"घालते म्हनलं ना!"

तो पुढं सरकला. माझ्या जखमेकडं परत वाकला. तिची एक कड सरळ होती, पट्टीनं आखल्यासारखी. त्यानं ती बोटानं हवेत आखली. "रास्ते का जखम गोल रहता. ये सीधा है. लोखंड का है ये. काम क्या करते तुम?"

"शिवते."

"पाँव की मशीन?"

"व्हय."

"मशीन पे चप्पल पहन के बैठते?"

मला राग आला, सांगते. एखाद्यानं काहीतरी घाण विचारावं तसं वाटलं. "मशिनीवर चप्पल? काय बोलायला तुमी! पोटाला देती ती!" आणि ते बोलता बोलताच माझ्या डोळ्यापुढं ते पायडल आलं. लोखंडाची जाळी. मधली आडवी पट्टी. माझा उघडा चवडा तिच्यावर, दिवसभर, वर खाली, वर खाली. मला वाटायचं, वेग तळव्याला कळतोय. कळत कुठं होतं? पाच वर्षांत काहीच कळलं नव्हतं. कानानंच ऐकत होते मी, चाकाचा आवाज. घड्याळाच्या टिकटिकीवर तपासनिसांना फसवलं, तसं मी स्वतःलाच फसवत होते.

कुणीच विचारलं नव्हतं. कसं विचारणार? चप्पल घालता का, तर घालते. खोटं एक अक्षर नाही. बाहेरून आल्यावर माणूस विचार न करता चप्पल काढतो ना, तसं मी मशिनीवर बसताना काढत होते. ती काढणं मला काढणं वाटतच नव्हतं. झेंड्यांचे चार दिवस आठवले आणि मी इस्माईलभाईच्या त्या रबराच्या ढिगाऱ्यात बसून मोठ्यानं रडले.

त्यानं रडू दिलं. मग दुसऱ्या कुणाशी बोलल्यासारखा म्हणाला, "दो जोड़ बनाता मैं. एक रास्ते की. एक मशीन की. मशीन की वाली रास्ता कभी नहीं देखेगी. फिर तो तुम्हारी मशीन नाराज नहीं ना होगी?"

त्याच आठवड्यात अंगठा आणि शेजारचं बोट काढलं, आतल्या सडलेल्या हाडासकट. डॉक्टर म्हणाले, बाकीचा पाय टिकेल, जर जपलात तर. कापताना दुखलं नाही फारसं. तेच तर दुखणं आहे ह्या रोगाचं.

मामी

घरी आले. मशिनीवर गोधड्या टाकून ठेवल्या होत्या. मालकांनी दोन बोटं कमी झालेला पाय बघितला आणि बाहेर निघून गेले. मी त्याच दिवशी गोधड्या काढल्या, पायडल पुसलं, इस्माईलभाईनं दिलेला रबराचा तुकडा त्याच्यावर बांधला, कोरी चप्पल पिशवीतून काढली आणि घालून बसले. वडिलांची माफी मागितली मनातल्या मनात.

मामी भाजी निवडत होती. तिनं बघितलं. मला वाटलं, आता फुटणार.

"मशिनीवर चप्पल?"

मी सगळं सांगितलं. जाळी, पट्टी, सरळ जखम. म्हटलं, मामी, ही चप्पल रस्त्यावर गेलेली न्हाई. ही मशिनीचीच हाय.

तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "छपन्न साली तुह्या सासऱ्यानं आन् म्या घरातले देव पान्यात सोडले. सासू माही छाती बडवायली होती, वाटोळं होईल म्हनून. झालं का? देवाचं काय झालं न्हाई, तर लोखंडाचं काय घिऊन बसलीस? चालव."

आणि संध्याकाळी, भांडी झाल्यावर, भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "आण तो पाय हिकडं. दवाखान्यात रोज बघायला सांगितलाय म्हन."

मी मागं सरले. सुनेनं सासूच्या पायाला हात लावायचा असतो, तिच्या मांडीवर पाय ठेवायचा नसतो. आणि हा असला पाय.

"आण म्हनलं ना. का आता आमंत्रन देऊ?"

तिला मोतीबिंदू होता, दिसायचं पुसट. ती हातानं बघायची. तळवा दोन्ही हातांत घ्यायची आणि टाचेपासून चाचपत यायची. माझ्या हाताच्या करंगळीकडची बाजूही बधिर झाली होती, म्हणून मला स्वतःचं स्वतःला नीट कळत नसे. तिला कळायचं. जिथं आत काही बिघडत असेल तिथं कातडी गरम लागते, जखम व्हायच्या आधी दोन-तीन दिवस. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. "हितं ताव हाय. उद्या मशीन बंद." मी वाद घालायची. "गिऱ्हाईक थांबलंय, मामी." ती म्हणायची, "गिऱ्हाईक उघडं थोडंच फिरायलंय?"

तिनं माझं ताट पुन्हा एकत्र केलं नाही. तेही सांगते. ते वेगळंच राहिलं शेवटपर्यंत. पण पाय रोज मांडीवर घेतला, सहा वर्षं. त्या सहा वर्षांत एकही जखम हाडापर्यंत गेली नाही. मालक हळूहळू बोलायला लागले, पण पायाकडं त्यांनी पुन्हा कधी बघितलं नाही.

तर, फरक पडतो का?

पडतो. नुसती गादी मऊ आहे म्हणून नाही. ज्याला दुखतं त्याला ती सुख देते, आपल्याला ती सुखही देत नाही, कारण आपल्याला कळतच नाही. म्हणून ती निरुपयोगी वाटते. चप्पल आपल्यासाठी फक्त एकच काम करते, भार वाटून देते, आणि तेही पायात असेल तेवढाच वेळ. कुणी 'घालता का' विचारलं तर 'घालते' म्हणून मोकळं होऊ नका. कुठं काढता ते स्वतःला विचारा. जिथं काढता ते तुम्हाला आठवणार नाही, कारण तिथं काढणं म्हणजे मान देणं असतं. देऊळ असेल, मशीद असेल, विहार असेल, जातं, उखळ, चूल, शेताचा बांध. कुणा दुसऱ्याला बसवून दिवसभर आपल्याकडं बघायला सांगा. आणि ठसा बघा गादीवरचा. माणूस खोटं बोलतो, मीच बोलले होते, पण ठसा नाही बोलत.

जुनी गादी दबून कडक झाली की नवी मागा. लाजू नका. गावातल्या कारागिराला खिळा ठोकू देऊ नका, त्याचा हेतू चांगला असला तरी. संध्याकाळी पाय कुणाच्या तरी हातात द्या.



ओसरीत

नामांतर झालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मामी गेली. दोन दिवस नुसती पडून होती. आदल्या संध्याकाळीही तिनं हात पुढं केला होता, मी पाय ठेवला, पण तिची बोटं चालेनात. टाचेवरच थांबली. "गार हाय सगळा," म्हणाली. तिचेच हात गार पडले होते.

सकाळी तिला ओसरीत ठेवलं. पांढरा कपडा घातला. दारात चपलांचा ढीग पडला, सगळं गाव आलं होतं. एकेक जण आत यायचा, चप्पल काढून, तिच्या पायावर डोकं ठेवायचा. ओसरीची फरशी तोवर दुपारच्या उन्हानं तापलेली. माझी पाळी आली तशी मी पुढं झाले, रस्त्याच्या चपलेत.

थोरली नणंद रडता रडता थांबली. "चप्पल काढ."

मी आणखी एक पाऊल पुढं टाकलं.

"आगं, चप्पल काढ की! माय हाय ती माही. मढ्यापुढं तरी काढ!"

सगळे माझ्या पायाकडं बघायला लागले. तीन बोटं, काळे पट्टे, बक्कल. मालकही बघत होते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, आता ह्यांनीही काढ म्हटलं तर काय करू? फरशी तापलेली होती ते मला दिसत होतं, लोक पाय उचलून टाकत होते म्हणून. मला कळणार नव्हतं. आणि आज संध्याकाळी चाचपून सांगणारं कुणी नव्हतं.

"काढनार न्हाई, आक्का," मी म्हणाले. "ती असती तर तिनं काढू दिली नसती."

आणि मी चपलेसकट वाकले आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं.